शिशाची शिवराई

सड्याची तपेली घेऊन मी दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर एक माणूस मांडी घालून बसला होता. डोक्यावर धोंडा. तो त्याने दोन्ही हातांनी धरलेला आणि डोळे मिटलेले. मला वाटलं, कुणी वेडापिसा असेल. त्या साली तसे पुष्कळ हिंडत होते.

"कोण हो तुमी?"

"धरणेकरी."

"मग दार चुकलासा. सावकार पल्याडच्या बोळात राहतो. हे तांबटाचं घर हाय."

"तांबटाकडंच आलोय," तो डोळे न उघडता म्हणाला. "मोरशेट टाकसाळवाले हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

तपेली माझ्या हातातच राहिली. धरणेकऱ्याच्या अंगावर सडा टाकता येत नाही, आणि सडा पडल्याशिवाय दिवस उजाडला असं मला अजूनही वाटत नाही. मी ते शेणकाल्याचं पाणी तसंच मागे नेऊन तुळशीपाशी ओतलं आणि भावाला उठवायला गेले.

हल्लीच्या पोरांना धरणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. ज्याचं येणं बुडालं त्याने डोक्यावर धोंडा घेऊन देणेकऱ्याच्या दाराशी जाऊन बसायचं आणि अन्न सोडायचं. तो उपाशी आहे तोवर घरधन्यानेही जेवायचं नाही. घरात चूल पेटवायची नाही. मध्ये कोतवाल नाही, पंच नाही. जो आधी थकेल त्याने नमतं घ्यायचं. बाहेरचा मेला तर त्याची हत्या घराला लागायची आणि पिढ्यानपिढ्या कुणी त्या घरचं पाणी प्यायचं नाही. म्हणून धरणेकऱ्याची नजर छपरावर असायची. कौलांतून धूर निघाला की समजायचं, आतल्याने लाज सोडली. आमच्या कसबे बोरवणात तसा धूर मी कधी पाहिला नव्हता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे सावकारसुद्धा दारात धरणं बसलं की निमूट पोटाला फडकं बांधायचे.

मोरशेट म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी त्याला मोरू म्हणते, तो मला अक्का. नवरा गेल्यापासून मी त्याच्याच घरी. कसब्यातली टाकसाळ तो चालवायचा. चालवायचा म्हणजे घाम त्याचा. मक्ता होता जहागिरीच्या कारभाऱ्याकडे. तांब्याच्या कांबी ओतायच्या, त्यांचे तुकडे तोडायचे, ठोकून गोल करायचे, आणि ठशाखाली धरून घण घातला की शिवराई पडली. ठोकलेले तुकडे काळे पडतात. ते मिठाच्या आणि चिंचेच्या पाण्यात घोळून लाल करायचं काम माझं. माझ्या बोटांना बारा महिने चिंचेचा वास.

मोरू डोळे चोळत बाहेर आला. त्या माणसाने धोंडा खाली ठेवला, कमरेची थैली सोडली आणि उंबऱ्यावर उपडी केली. शिवराया. नव्याच होत्या, पण करड्या, कडांना तडकलेल्या. पडताना आवाज आला तोही बद्द.

"ह्ये बेलाचं पान तुमचंच न्हवं, शेट?" त्याने एक नाणं मोरूपुढे धरलं. प्रत्येक ठशात मोरू आपली खूण म्हणून अक्षरांखाली बारीक बेलपान कोरायचा. त्याचा त्याला मोठा अभिमान.

मोरूने नाणं हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं.

"माझंच हाय," तो म्हणाला.

"म्या सुभानजी. किल्ल्याच्या शिबंदीत नाईक हाय. आठ महिन्यांचा पगार मिळाला त्यो ह्यो. वाणी घेत न्हाई, तेली घेत न्हाई. काल एका भाजीवालीनं तर माझ्या तोंडावर फेकलं. म्हनली, शिवराईच्या नावानं शिसं खपवतोस व्हय रं? म्या चोर हाय का, शेट?"

"न्हाई."

"धन्यानं पगार दिला, त्याला बोल लावता येत न्हाई. नाणं खोटं निघालं तर ज्यानं पाडलं त्यानं बदलून द्यावं. माझं म्हननं एवढंच."

मोरू काही बोलेल म्हणून मी बघत होते. खूप बोलण्यासारखं होतं त्याच्याकडे. पण त्याने ती नाणी एकेक करून पुन्हा थैलीत भरली, थैली सुभानजीच्या हातात दिली आणि आत वळला.

"अक्का, चूल पेटवू नगंस," म्हणाला.

मी चांगली तापले. "अरे, बदलून दे म्हणतोय तर दे की!"

"कशानं देऊ? चांगलं तांबं मागच्या महिन्यातच संपलं. माझी मजुरी बी ह्याच शिवरायांत मिळालीय. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार?"

"मग त्याला खरं काय ते सांग."

"ते सांगता येत न्हाई. तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. ते साल कसलं होतं म्हणाल, तर पुण्यात एक पेशवा पळाला होता की दुसरा बसला होता, हे इथे कुणाला धड सांगता येत नव्हतं. आज एका सरदाराची फौज यायची, उद्या दुसऱ्याची. लुटायला येणारे लुटून जायचे आणि राखायला येणारे खंडणी घेऊन जायचे. शेवटी आमच्याच किल्ल्याच्या शिबंदीने पगारासाठी जहागीरदारांच्या वाड्यावर धरणं धरलं. धनी मानी माणूस. शिबंदीबरोबर तेही उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी कारभाऱ्याला म्हणाले, काय वाट्टेल ते कर पण यांचा पगार भागव. आणि उपास सोडून, उरलीसुरली स्वारी घेऊन, पुण्याकडे चालते झाले.

कारभाऱ्याने मग किल्ल्यावरच्या बंदुकीच्या गोळ्या टाकसाळीत आणवल्या. शिशाच्या गोळ्या, दोन गाढवांवर भरून. त्या तांब्यात वितळवून पगार पाड म्हणाला. मोरू नाही म्हणाला, तेव्हा कारभारी हसून म्हणाला, "हात दोन आहेत ना तुम्हाला? एक पुरेल." वर मोरूला आणि त्याच्या गड्यांना बेलभंडारा उचलायला लावून शपथ घातली, की धातूत काय पडलं ते बाहेर बोलायचं नाही. बोलला तर वंश बुडेल.

आणि वंश तेव्हा पाळण्यात होता. मोरूच्या बायकोला, सगुणाला, इतक्या वर्षांनी मूल झालं होतं. मुलगा. पाचवी होऊन गेली होती, बारसं व्हायचं होतं. मोरूला देवाने असा चिमटीत पकडला होता.

पहिला दिवस तसा गेला. मला उपासाची सवय. विधवेला एकादशा, सोमवार, चतुर्थ्या सांभाळता सांभाळता जेवायचे दिवसच थोडे उरतात. दुपारी मी सगुणाला आदल्या दिवशीची भाकरी आणि गूळ नेऊन दिला.

"त्यांनी खाल्लं?" तिने विचारलं.

"तो धरण्यात हाय. तू बाळंतीण हाईस. खा."

"ते उपाशी आणि मी खाऊ, वन्सं?"

"मुलाला दूध पाजायचंय तुला!"

"मी त्यांच्या आधी कधी जेवलेय का? आज दारात धरणं बसलंय तेव्हाच जेवू? लोक काय म्हणतील?"

"लोक दूध पाजायला येणार न्हाईत, सटवे!"

पण ती सटवी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गाय म्हणावी अशी गरीब पोर. पण गरीब माणूस एकदा अडला की त्याच्याइतकं हटवादी कुणी नाही. मोरू येऊन बोलला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही घास घ्या, मी लगेच घेते." मोरू बाहेर गेला.

मी तरातरा उंबऱ्यावर आले. सुभानजी धोंडा मांडीवर घेऊन भिंतीला टेकला होता. जवळून पाहिलं तर पन्नाशीचा असावा. एका पायाला जुन्या जखमेची गाठ, मिशी पांढरी.

"नाईक, आत ओली बाळंतीण हाय," मी म्हटलं.

"रडणं ऐकलं म्या." तो सरसावून बसला. "तिनं खावं, बाई. माझी काय बी हरकत न्हाई. कुणी बोट दावलं तर म्या सांगीन."

"ती नवऱ्याआधी खात न्हाई."

"मग शेटनं खावं."

"तो तुमच्याआधी खात न्हाई."

"मग शेटनं माझं नाणं बदलून द्यावं."

"ते त्याच्यानं व्हत न्हाई. तुमीच उठा की. दुसरीकडं कुठं बसा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग यायला अंगात जोर लागतो, तो त्याच्यात उरला नव्हता. "कुठं बसू? बाजारात ह्या नाण्याला पसाभर जोंधळं मिळत न्हाईत. तसाबी उपाशीच हाय, बाई. वाटेवर उपाशी ऱ्हाण्यापरीस कुणाच्या तरी दारात ऱ्हावं. तितंच मेलो तर निदान कुणाला तरी जाब द्यावा लागंल."

मी आत येऊन पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी सगुणाचं दूध आटलं. पोर छातीला लागायचं, ओढायचं आणि मान टाकून रडायचं. मी शेजारणीकडून शेळीचं दूध आणून कापसाच्या बोळ्याने पाजलं. ते त्याने ओकून टाकलं. गुळाचं पाणी दिलं, ते थोडं राहिलं. संध्याकाळी त्याचं रडणं बारीक झालं. पोर मोठ्याने रडतं तोवर जीव घाबरत नाही. ते असं बारीक कण्हायला लागलं की भ्यावं. मोरू ओसरीवर पाठमोरा बसला होता. ते कण्हणं ऐकू आलं की त्याचे खांदे हलायचे. उंबऱ्याच्या अलीकडे तो, पलीकडे सुभानजी. कुणीतरी दोन बैल बांधून विसरून जावं तसे दोघं.

"मोरू, शपथ मोड," मी म्हटलं.

"आणि वंश बुडला तर?"

"आता काय तरतोय व्हय?"

देव मागे लागेल की कारभारी हात तोडेल, कशाला तो अधिक भीत होता, देव जाणे. मला वाटतं, तो नुसता थकला होता. आम्ही सगळेच. त्या साली रोज उठून कशाला ना कशाला भ्यावं लागायचं, आणि भ्यायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोराने डोळे उघडले नाहीत. श्वास चालू होता. मी त्याला सगुणाच्या कुशीत ठेवलं, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आले. मोरू भिंतीला टेकून डोळे मिटून होता. मी त्याला ओलांडून सुभानजीसमोर जाऊन बसले. बाईने दारात परपुरुषासमोर असं बसायची रीत नव्हती. पण रीतीला मी कंटाळले होते.

"नाईक, तुमी उपाशी," मी म्हटलं. "तुमच्यापायी माझा भाऊ उपाशी. भावापायी त्याची बाईल. बाइलीपायी त्ये पोर. आता मला सांगा, ह्यात जेवतंय कोण?"

"कोण?"

"तुमच्या नाण्यात शिसं हाय. त्ये कुठनं आलं?"

"अक्का!" मोरूने डोळे उघडले.

"तू बेलभंडारा उचललास. म्या न्हाई." त्याच्याकडे न बघताच मी म्हटलं. शपथा घालताना कारभाऱ्याने गडी मोजले होते. चिंचेचं पाणी कालवणारी रांडमुंड बाई त्या मोजदादीत कशाला येईल? "नाईक, त्या तुमच्याच गोळ्या हाईत. किल्ल्यावरच्या. कारभाऱ्यानं गाढवावर घालून टाकसाळीत आणल्या. माझ्या ह्या हातांनी म्या ती नाणी धुतली. चांगलं तांबं चिंचेत घातलं की लाल होतं. ही धुतली तरी मढ्यासारखी करडी राहिली."

सुभानजी हसला. हसताना त्याचे सुकलेले ओठ फाटले.

"गेल्या महिन्यात गोळ्या मागाय गेलो व्हतो," तो म्हणाला. "कारभारी म्हनले, संपल्या. खर्चायला शिका."

"मग? चोर सोडून संन्याशाला सुळी देत बसलाय तुमी."

त्याने मोरूकडे पाहिलं. "खरं हाय, शेट?"

मोरूने तोंड उघडलं नाही. पण नाहीही म्हणाला नाही. सुभानजीने धोंडा उचलला, भिंतीला धरून उभा राहिला, आणि दोन पावलं टाकून थांबला. "शेट, तुमी येता का? तुमची बी मजुरी बुडालीयाच की." मोरू उठला. त्याला उठताना पाहून मला हायसं वाटलं. वाटलं, आता झालं. आता कारभाऱ्याची चूल विझेल. त्याचीही बायको, सुना, नातवंडं उपाशी राहतील. दुपारपर्यंत तो नमेल आणि आमच्या घरात पेज शिजेल. कारभाऱ्याच्या पोराबाळांचं मला जरासुद्धा काही वाटलं नाही. भुकेलं माणूस असंच असतं.

शेजारणीला सगुणापाशी बसवून मीही मागून गेले.

कारभाऱ्याचं घर नदीकडे, दुमजली. दोघं पायरीपाशी जाऊन बसले. सुभानजीने धोंडा डोक्यावर घेतला. बातमी फुटायला वेळ लागला नाही. बाजारातली माणसं हळूहळू जमली. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या गाठीला तीच करडी नाणी होती. कुणी ओरडलं नाही. सगळे नुसते उभे राहिले, आणि एकेकाची मान आपोआप वर छपराकडे गेली.

कारभारी बाहेर आला. गोरापान, ठेंगणा, नुकतं स्नान झालेलं. "कोण, मोरशेट?" तो म्हणाला. "बेलभंडारा विसरलात?"

"म्या बोललो न्हाई."

"मग कोण बोललं?"

"म्या," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, घराच्या कोपऱ्यातलं जळमट बघावं तसं. "असो, असो. बायकांच्या तोंडी कोण लागणार," म्हणाला. मग सुभानजीकडे वळला. "नाईक, बसा. उन्हात नका बसू, इकडे सावलीत सरका. तुमचं म्हणणं ध्यानात आलं माझ्या. बघू काय करता येतं." आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

आम्ही बसलो. ऊन चढलं. मोरूचा चेहरा पिवळा पडला होता. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने सुभानजीला पाणी देऊ केलं. त्याने मान हलवून नको म्हटलं. माझं सगळं लक्ष वर होतं. कौलांवर एक कावळा बसून पिसं साफ करत होता.

सूर्य डोक्यावर आला आणि कावळा उडाला. त्याच्याखालून बारीक निळा धूर निघाला.

"पोरांसाठी दूध तापवत असतील," मागून एक बाई म्हणाली. पण मग वास आला. आंबेमोहोराच्या भाताचा, आणि मागोमाग तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी पडल्याचा. एवढ्या माणसांत तो वास फिरला आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. उघडा माणूस समोर आला की आपण नजर वळवतो ना, तशा.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. कारभारी ओसरीवर आला. हात ओले होते, ते त्याने उपरण्याला पुसले आणि विड्याचं पान हातावर घेऊन चुना लावायला लागला.

सुभानजीने धोंड्याखालून वर पाहिलं. "कारभारी, जेवला?" त्याने विचारलं. खरंच कळून घ्यायचं होतं त्याला.

"हो. काय आहे नाईक, माझी प्रकृती पित्ताची," कारभारी म्हणाला. "उपास सोसत नाही. तुम्ही बसा ना. तुम्हाला कुणी उठवत नाही."

सुभानजी बसून राहिला. त्याला पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. दोन्हीकडचे भुकेने झुरतात, एक नमतो, एवढंच त्याला ठाऊक. समोरच्याने जेवून, हात पुसून पान खाल्लं तर धरणेकऱ्याने काय करावं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या बापालाही नसेल. तलवार कमरेला होती. क्षणभर मला वाटलं, उपसतो की काय. पण त्याने धोंडा डोक्यावरून उतरवला, पायरीच्या कडेला नीट ठेवला, कुणाच्या पायात येऊ नये असा, आणि मोरूच्या खांद्याला धरून उठला.

पुढे कंपनी सरकारचं राज्य आलं तेव्हा गावात दवंडी पिटली, की आजपासून धरणं धरणाऱ्याला सजा होईल. मी दवंडीवाल्याला म्हटलं, बाबा, उशिरा आलास. आमच्या गावातलं धरणं त्या दुपारीच मेलं होतं. त्याच्यानंतर ज्याचं येणं बुडालं तो कुणाच्या दारात बसला नाही. शिबंदी नंतर आली ती दारं फोडत आली, आणि त्यात कारभाऱ्याचं एकट्याचंच दार नव्हतं.

त्या दिवशी आम्ही तिघं पाय ओढत घरी आलो. मोरूने उंबरा ओलांडला, आत आपल्या जागी बसला आणि सुभानजीला त्याची जागा दाखवली. "बसा, नाईक," म्हणाला. अजूनही! माझा हा भाऊ म्हणजे खुळा की देवमाणूस, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्याच्या दारातलं धरणं उठलं नव्हतं, म्हणून तो पुन्हा बसायला तयार होता.

सुभानजी बसला नाही. आतून आता काहीच ऐकू येत नव्हतं. तो उंबऱ्याशी कान देऊन उभा राहिला.

"पोर?" त्याने विचारलं.

मी आत डोकावले. शेजारीण पोराच्या छातीवर हात ठेवून बसली होती. "हाय अजून," ती म्हणाली.

"चूल पेटवा, बाई," सुभानजी म्हणाला.

"आणि तुमचा पगार?"

"म्या उठतो. सोडलं धरणं."

"आठ महिन्यांचा पगार हाय, नाईक."

"पेटवा म्हन्तो न्हवं!"

एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच ओरडला. ओरडून त्याला धाप लागली आणि तो जागच्या जागी खाली बसला.

मी चूल पेटवली. एकीकडे कण्यांची पेज ठेवली, एकीकडे भाकरी थापली. पहिली भाकरी तव्यावरून उतरली ती ताटलीत घालून, वर मीठ-मिरची ठेवून मी सुभानजीपुढे नेली. धरणं सोडणाऱ्याने पहिला घास घ्यायचा, मग घरधन्याने. मोरू समोर रिकामी ताटली घेऊन बसला होता. आत सगुणा कोपरावर उठून दाराकडे बघत होती.

त्याने घास मोडला. तोंडात घातला. आणि तो घास तसाच गालात धरून बसला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मिशीतून खाली भाकरीवर पडलं. आठ महिने तो माणूस त्या किल्ल्यावर उन्हापावसात उभा राहिला होता. तो घास खाली उतरला की त्या आठ महिन्यांवर त्याचा हक्क राहणार नव्हता. मला त्याची फार दया आली. आणि दया आली तरी मी त्याला थांबू देणार नव्हते, याची लाजही वाटली.

"गिळा, नाईक," मी म्हटलं. "तुमी गिळल्याबिगर माझा भाऊ गिळत न्हाई. त्यानं गिळल्याबिगर ती गिळत न्हाई. गिळा."

त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

मग मोरूने घास घेतला. मी पेजेचा वाडगा घेऊन आत धावले. सगुणाने तो दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि तोंड भाजलं तरी खाली ठेवला नाही. ती प्याली, परत प्याली. मग मी पोर उचलून तिच्या छातीशी लावलं. त्याने तोंड उघडलं नाही. मी त्याचे तळवे चोळले, कानाची पाळी चिमटली. तिने पिळून एक थेंब त्याच्या ओठावर पाडला. तो ओघळून हनुवटीवर आला. पुन्हा एक पाडला.

"बाई," बाहेरून सुभानजीचा आवाज आला. "घेतलं का?"

मी पोराच्या ओठांवर डोळे लावून होते.

"बाई, घेतलं का त्यानं?"

पोराचे ओठ हलले. मग गाल. मग नाकातून तो बारीक आवाज, ओढून पिणाऱ्या पोराचा, जो एकदा ऐकला की विसरत नाही.

"घेतलं, नाईक," मी म्हटलं.

मी बाहेर येऊन पाहिलं. ताटलीतली भाकरी तशीच होती, एका घासापुरती मोडलेली. तेव्हा कुठे त्याने दुसरा घास मोडला.